मोठ्या विमानांवर कंत्राटी वैमानिक व्हायचंय? आधी दिवस मोजा

गेल्या महिन्यात कळव्याचा एक फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, घरी आला होता. आमचं घर ठाण्यातल्या नौपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. धापा टाकत वर आला आणि बसायच्या आधीच मोबाइलवर कंत्राट उघडून माझ्यापुढे धरलं. "ताई, डॉलर बघा किती देतायत. सही करू ना?" मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून त्याच्या हातात दिली, वर एक लाल पेन. "यातले घरचे दिवस रंगव आधी. मग डॉलर बघू."

मी आधी एका भारतीय कंपनीत बोइंग ७३७ आणि नंतर ७७७ उडवली. गेली नऊ वर्षं चार्टर कंपन्यांसाठी कंत्राटावर ७४७-४०० उडवते आहे. कंत्राट कसं वाचायचं हे मला कुणी शिकवलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

काम काय असतं ते आधी समजून घ्या. आमची कंपनी स्वतः तिकिटं विकत नाही. विमान, वैमानिक-केबिन क्रू, देखभाल आणि विमा अशी चारही अंगं ती दुसऱ्या कंपनीला भाड्याने देते. याला वेट लीज म्हणतात. इंधन आणि विमानतळाचे आकार भाडेकरूच्या माथी. म्हणजे आज एका देशाचे यात्रेकरू, पुढच्या महिन्यात दुसऱ्याच देशातून मालवाहतूक, आणि मध्येच तीन आठवडे विमान नुसतं उभं. नेहमीच्या नोकरीसारखं महिन्याआधी रोस्टर हातात येईल, ही आशा सोडून द्या.

हजचा हंगाम ही आमच्या धंद्याची सुगी. चांद्र वर्ष लहान, त्यामुळे हंगाम दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२४ साली हज १४ जूनला सुरू झाला, २०२५ साली ४ जूनला. त्याआधी काही आठवडे जेद्दाला भरलेलं विमान न्यायचं आणि रिकामं परत आणायचं. हज संपला की उलटं. मला हे उड्डाण फार प्रिय आहे. विमानात बसलेले बहुतेक लोक वयस्कर, कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेले. मिकातची, म्हणजे मक्केभोवतीच्या ठरलेल्या सीमेची, हद्द किती वाजता ओलांडणार हे आम्ही कॉकपिटमध्ये हिशोब करून केबिनला कळवतो, कारण त्याआधी यात्रेकरूंना इहराम, म्हणजे हजचं वस्त्र, बांधायचा असतो. वारं बदललं की ती वेळ बदलते, मग पुन्हा सांगायचं. ही वेळ चुकू देऊ नका. त्या माणसाने त्यासाठी जन्मभर पैसे साठवलेले असतात. परतीला प्रत्येकासाठी मक्केतल्या जमजम विहिरीचं पाच लिटर पवित्र पाणी येतं. साडेचारशे माणसं धरली तर सव्वादोन टन नुसतं पाणी. लोडशीटवर, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशोबात, ते दिसतंय ना, हे स्वतः बघा. जूनमध्ये जेद्दाला पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि गरम हवेत विमान धावपट्टी जास्त खातं. ७४७-४०० चं कमाल उड्डाणवजन ३९६ टनांच्या आसपास आहे, पण त्या उकाड्यात कागदावरचं कमाल वजन मिळेलच असं नाही.

आता कंत्राट. मी दिनदर्शिका का काढते ते सांगते. माझ्यापुढे एकदा दोन प्रस्ताव होते. पहिला वीस दिवस काम, दहा दिवस सुट्टी. दुसरा सहा आठवडे काम, तीन आठवडे सुट्टी. कागदावर दोन्हीकडे वर्षाला १२० दिवसांच्या आसपास सुट्टी, आणि पहिल्यात पैसे जास्त. पण पहिल्यात प्रवासाचे दिवस सुट्टीतून कापले जात होते. जायला एक, यायला एक, आणि घरी पोचल्यावर एक दिवस नुसता झोपेत. दहाचे सात राहिले. बारा फेऱ्यांचे ८४. दुसऱ्यात प्रवास कंपनीच्या दिवसांत होता, फेऱ्या जेमतेम सहा, झोपेचे सहा दिवस वजा केले तरी ११५ च्या आसपास हाती. मी दुसरं घेतलं. लेक तेव्हा सातवीत होती.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: सुट्टी कुठे सुरू होते? शेवटचं विमान उतरवल्यावर, की ठाण्याला पोचल्यावर? उत्तर ईमेलमध्ये लेखी घ्या. तिकीट कन्फर्म्ड आहे का तेही विचारा. जागा उरली तरच बसवणाऱ्या तिकिटावर मी एकदा दोन रात्री विमानतळावर काढल्या आहेत, आणि त्या दोन्ही माझ्या सुट्टीतल्या. कंत्राटात घरचा विमानतळ नावाने लिहून घ्या. 'भारत' एवढंच लिहिलं असेल तर कंत्राट देणारी एजन्सी दिल्लीचं स्वस्त तिकीट काढते. मी आता 'मुंबई किंवा नवी मुंबई' असं लिहून घेते. ठाण्याहून ऐरोलीमार्गे उलवे गाठता येतं, मग तो विमानतळ का सोडा?

दुसरा प्रश्न: विमान उभं राहिलं तर? 'गॅरंटी अवर्स' हा शब्द शोधा. दर महिन्याला ठरावीक तासांचे पैसे, उडा वा न उडा. तो शब्द नसेल आणि पगार नुसता ब्लॉक तासांवर, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून परत उभं राहीपर्यंतच्या वेळेवर, असेल, तर तुमच्या घराचा हप्ता विमानाच्या भाडेकरूवर अवलंबून आहे असं समजा. कमाल बाजूही बघा. युरोपीय नियमांत २८ दिवसांत १०० तास आणि कॅलेंडर वर्षात ९०० तास ही मर्यादा आहे. हजच्या हंगामात शंभराला टेकायला वेळ लागत नाही. तोंडी कुणी "अजून एकच सेक्टर", म्हणजे अजून एकच उड्डाण, म्हटलं तरी तास स्वतः मोजा आणि नाही म्हणा. थकलेल्या माणसाने पहाटे चारला चारशे माणसं घेऊन उतरायचं नसतं.

कंत्राटावरच्या माझ्या दुसऱ्या वर्षी विमानाच्या मालकाने आमच्या कंपनीकडून विमान काढून घेतलं. पाच डिसेंबरला मी घरी आले ती मार्चअखेरपर्यंत घरीच. दोन महिन्यांचा पगार कधीच मिळाला नाही. पण खरा फटका पुढे बसला. परदेशी नोकरीसाठी बाहेर गेलेल्या भारतीयाला आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ च्या आत ठेवावे लागतात, नाहीतर तो इथला रहिवासी ठरतो. एप्रिल ते नोव्हेंबर माझे ८४ दिवस झाले होते, त्यात घरी बसलेले ११७. एकूण २०१. त्याआधीची बहुतेक वर्षं मी इथेच राहिलेली, त्यामुळे परदेशातल्या पूर्ण पगारावर इथे कर भरला, तोही न मिळालेल्या दोन पगारांची वाट बघत. तेव्हापासून जानेवारीत मी सीएकडे बसून दिवस मोजते. भारतातल्या उत्पन्नाचा आकडा मोठा असेल तर नियम आणखी कडक होतात, तेही सीएला विचारा. आणि एक बारीक गोष्ट: क्रू म्हणून जनरल डिक्लरेशनवर (विमानातल्या क्रूच्या नावांचा अधिकृत कागद) आत आलात तर पासपोर्टवर शिक्का पडेलच असं नाही. मी प्रत्येक जनरल डिक्लरेशनचा फोटो काढून तारखेने साठवते.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्ट साठ पानांचा मागा, छत्तीस पानं बघता बघता संपतात. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र आता जन्मभर चालतं, पण ते नसताना त्या तापाच्या देशातून मुंबईत उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण, म्हणजे पुन्हा सुट्टीच गेली. इंग्रजी प्रावीण्याची पातळी चार असेल तर ती तीन वर्षांनी संपते. भारतातल्या कंपनीतून निघत असाल तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) २०१७ च्या नियमाप्रमाणे नोटीस कमांडरला एक वर्षाची, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. एजन्सी "तीस दिवसांत रुजू व्हा" म्हणते, तेव्हा ही तारीख तिला आधी सांगा.

निवड सिम्युलेटरवर होते, आणि तिथे ऑटोपायलट बंद करून हाताने उडवायला लावतात. मी ७४७ ची तयारी घरीच केली. कॉकपिटचे पोस्टर कपाटाच्या दारांवर चिकटवले, समोर दोन खुर्च्या. सासूबाई पालिकेच्या शाळेतून निवृत्त शिक्षिका. चेकलिस्ट वाचायचं काम त्यांनी घेतलं. "फ्लॅप्स?" त्या विचारायच्या. मी हात नेमक्या जागी ठेवून उत्तर दिलं नाही तर पुढची ओळ वाचायच्या नाहीत. "हात कुठेय तुझा? परत." तीन आठवडे रोज संध्याकाळी तासभर. सिम्युलेटरमध्ये उड्डाणाच्या ऐन क्षणी इंजिन बंद पाडलं तेव्हा हात आपोआप गेले.

लायसन्स गमावल्याचा विमा कंत्राटात नसेल तर स्वतः घ्या. मेडिकलमध्ये नापास झालेल्या कंत्राटी वैमानिकाला कुणी ऑफिसात खुर्ची देत नाही. भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. मी सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवते. ते ११७ दिवस आम्ही त्यावरच काढले.

आणि कंपनी सोडायची वाट बघू नका, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटर चेक झाला की त्याची प्रत आणि उड्डाणतासांचं सही-शिक्क्याचं पत्र मागून घ्या. पुढची कंपनी तास पडताळायला जुन्या कंपनीला लिहिते, आणि जुनी कंपनी बंद पडली असेल तर उत्तर द्यायला कुणी नसतं. माझी ती पत्रं गोदरेजच्या कपाटात निळ्या फाइलमध्ये आहेत. एकदा शारजातून रात्री अकराला फोन केला, तर सासूबाईंनी दहा मिनिटांत हवं ते पत्र शोधून फोटो पाठवला, आणि खाली विचारलं, "दिनदर्शिकेवर अठराला गोल आहे. तो खरा ना?"