टॉवेलचा कुबट वास शेवटी गेला (माझा अनुभव)

रत्नागिरीत जुलैत कपडे वाळवणं म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, पडवीतल्या दोरीवर तीन दिवस टॉवेल आणि तरी हाताला दमटच. म्हणून गल्लीतल्या नाण्याच्या मशीनवाल्या लाँड्रीत जायला लागलो. पण गंमत बघा, ड्रायरमधून गरमागरम काढलेला टॉवेल मस्त वाटायचा आणि अंघोळीनंतर अंग पुसलं की परत तोच वास!

मी काय करायचो, वास येतो म्हणून पावडर डबल, वर सॉफ्टनर. लाँड्रीवाल्या काकूंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, तेच टॉवेल पावडर न टाकता फिरव बघू." फिरवले. दहा मिनिटांत काचेच्या दारामागे ही एवढी फेसाची साय! म्हणजे आधीची पावडर धाग्यात तशीच बसलेली, त्यातच मळ नि ओल धरून वास येतो, आणि सॉफ्टनरने टॉवेल पाणी पण कमी शोषतो.

मग फेस थांबेपर्यंत दोनदा नुसतं पाणी, नंतर ६० डिग्रीला निम्मी पावडर, सॉफ्टनर बंद. ड्रम अर्धाच भरला, ड्रायरमध्ये पण कोंबले नाहीत, हवा खेळायला नको का. पूर्वी मशीन लावून चहाला जायचो आणि गप्पांत तासभर ओले कपडे आतच, ते आता बंद, चहा तिथेच बाकड्यावर. रंगीत आणि नाजूक कपडे मात्र ६० ला टाकू नका, माझा एक कुर्ता आता पुतण्याला होतो.