झेलमने जम्मू, दोन रात्री आणि आपला डबा

पुण्याहून झेलम एक्सप्रेस संध्याकाळी निघते आणि जम्मूला तिसऱ्या दिवशी पोचते, म्हणजे मधे दोन रात्री आणि एक आख्खा दिवस गाडीतच. पँट्रीचं जेवण एकदा खाल्लं की दुसऱ्यांदा खायची इच्छा होत नाही (हे आपलं माझं मत, नवऱ्याला ते अंडा बिर्याणीचं पाकीट आवडतं, त्याला काही बोलायचं नाही). तर दोन माणसांची शिदोरी कशी बांधायची ते सांगते, चुका करून शिकलेय.

काय न्यायचं ते नंतर ठरवा. आधी जे लवकर खराब होणार ते आधी खायचं असं मोजून डबे भरायचे. पहिली रात्र, दौंड-नगर जाईपर्यंत, बिनधास्त साधं जेवण, पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी. भाजीत कांदा नको, ओलं खोबरं तर अजिबात नको, आणि फोडणीत तेलाचा हात थोडा सढळ ठेवा. ही भाजी मनमाडच्या आत संपलीच पाहिजे. एकदा मी गडबडीत गरमच भाजी फॉइलमधे गुंडाळली आणि उरलेली सकाळसाठी ठेवली, खांडव्याच्या पुढे डबा उघडला तर असा काही वास आला की वरच्या बर्थवरचे काका उठून बसले. तेव्हापासून नियम एकच, पदार्थ पंख्याखाली पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. आतल्या वाफेचं पाणी होतं आणि त्याच पाण्याने सगळं नासतं.

दुसऱ्या दिवसासाठी दशम्या. 2 वाट्या कणीक, मीठ, चमचाभर तूप आणि भिजवायला फक्त दूध, पाण्याचा थेंब नाही. दूध एकदम ओतू नका, वाटीभराच्या आतच काम होतं. मऊ भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची आणि लाटून तुपावर भाजायच्या, साधारण आठ होतात. गुळाच्या हव्या असतील तर गूळ गार दुधात विरघळवा, गरम दुधात घातला की दूध फाटतं आणि मग रडत बसायचं. थंडीच्या दिवसांत या दशम्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मस्त मऊ राहतात, मे महिन्यात मात्र सकाळी भोपाळलाच संपवा. सोबत दाण्याची नाहीतर लसणाची चटणी, कोरडीच. दह्यात कालवायची हौस असेल तर दही स्टेशनवर घ्या, घरून नको.

तिखटमिठाच्या पुऱ्या शेवटच्या टप्प्यासाठी. 2 वाट्या कणकेला 2 चमचे बेसन, तिखट, हळद, मीठ, ओवा, तीळ आणि 2 मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, पीठ घट्टच भिजवा. पुऱ्या फुगायला नकोत म्हणून काट्याने टोचून घ्या आणि मंद आचेवर तळा, फुगलेली पुरी मऊ पडते आणि चामट लागते. पंचवीसेक तरी करा, दोघांना एवढ्या कशाला म्हणाल, पण झाशी गेलं की समोरच्या सीटवरची मावशी तिच्या डब्यातले पराठे पुढे करणारच, तेव्हा आपल्याकडून रिकाम्या हाताने कसं घ्यायचं? मी तर एक वेगळा छोटा डबा वाटण्यासाठीच भरते.

डबे स्टीलचे, पण आत सुती फडकं अंथरा, पुरी आणि दशमी दोन्हीला फॉइलपेक्षा फडकंच बरं. मेतकूट, लोणच्याची छोटी बाटली (तोंडाला प्लास्टिक लावून रबर, नाहीतर बॅगेतल्या कपड्यांना महिनाभर लोणच्याचा वास), एक चाकू, जुने पेपर, कचऱ्याला एक पिशवी. केळी न्यायचीच तर जरा कच्चट घ्या आणि बॅगेच्या तळाशी नको, वर ठेवा.

आणि हो, ग्वाल्हेर गेलं की जेवण उरकून घ्या, कारण मोरेना-धोलपूरच्या मधे चंबळ लागते, दोन्ही बाजूला मातीच्या घळीच घळी, तेव्हा हातात पुरी आणि तोंड डब्यात असं नको, खिडकीशी बसा. चहा आग्र्याला.

दिल्लीनंतरची रात्र पुऱ्या आणि लोणच्यावर सहज निघते. सकाळी जम्मूला डबे रिकामे असतात, ते फेकल्यासारखे बॅगेत कोंबू नका, स्टेशनबाहेर पडण्याआधी नळावर धुवून पुसून ठेवा, परतताना त्यातच राजमा आणि अक्रोड भरून आणता येतात. मागच्या वेळी पुरीच्या डब्यात दीड किलो राजमा बसला होता.