या चुका टाळा: लाल टोपी, नारिंगी टोपी आणि मान डोलावणारा पेशंट

नर्स म्हणून वॉर्डात सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा इन्चार्ज म्हणून. दर सहा महिन्यांनी नवीन मुलं-मुली येतात आणि त्याच जुन्या चुका पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. 17 सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन असतो, 2019 पासून पाळतात. त्या दिवशी पोस्टर लागतात, शपथ होते, फोटो निघतात. पेशंटचा जीव मात्र धोक्यात येतो तो रात्री दोन वाजता, तीस कॉटमागे एकच स्टाफ असताना. त्या वेळी कामाला येते ती हाताला लागलेली सवय. माझ्या हाताला ज्या सवयी लागल्या, त्यातल्या बऱ्याचशा कोणाच्या तरी चुकीतून लागल्या.

इन्सुलिन कुठलं, सिरिंज कुठली

याच चुकीवर मी सगळ्यात जास्त ओरडते, म्हणून ही आधी.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्यांत एका एमएलला 40 युनिट असतात. इन्सुलिन टोचायच्या पेनात बसणाऱ्या 3 एमएलच्या कार्ट्रिजमध्ये एका एमएलला 100. काही बाटल्याही 100 च्या मिळतात. सिरिंजही दोन: लाल टोपीची 40 साठी, नारिंगी टोपीची 100 साठी. सिरिंजवरच्या रेघा त्या-त्या इन्सुलिनपुरत्याच खऱ्या. 40 ची बाटली नारिंगी सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत ओढली, तर पेशंटला जातात फक्त 8 युनिट. साखर उतरत नाही, राउंडला डॉक्टर डोस वाढवतात, आणि पुढच्या ड्युटीच्या स्टाफने बरोबर सिरिंज घेतली की तो वाढवलेला डोस पूर्ण जातो, साखर एकदम खाली येते आणि पेशंट गळून पडतो. कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल सिरिंजने ओढलं तर उलटं होतं. 20 म्हणून 50 युनिट जातात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नाईट राउंडला होते. पहाटे साडेतीनला एका बाईने पदर धरून थांबवलं. "सिस्टर, शेजारच्या आजी मघापासून काहीबाही बोलतायत." आजींची उशी भिजलेली, हात थंडगार, केस कपाळाला चिकटलेले. ग्लुकोमीटरवर आकडा आला 34, म्हणजे साखर जिवावर बेतेल इतकी खाली. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून दिलं, थोड्या वेळाने आजींनी डोळे उघडले आणि सुनेला हाक मारली. मग मी कागद काढले. डॉक्टरांनी लिहिलेले 16 युनिट, चार्टवर 16 युनिट, वेळ बरोबर, सही बरोबर. कागदावर एक चूक सापडेना. शेवटी ट्रे उघडला. पेनाच्या सुयांचं खोकं रिकामं होतं आणि त्याच्या शेजारी एक लाल टोपी पडली होती.

संध्याकाळच्या मुलीला विचारलं, तेव्हा तिने लपवलं नाही. "मॅडम, सुया संपल्या होत्या, स्टोअर बंद होतं. म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजने काढलं. पण 16 च्या वर एक थेंब घेतला नाही." खरंच घेतला नव्हता. पण लाल सिरिंजवरचे 16 म्हणजे 0.4 एमएल, आणि कार्ट्रिजमधल्या 0.4 एमएलमध्ये 40 युनिट असतात. रेघ तिने डोळ्यांत तेल घालून बघितली होती. टोपीचा रंग आणि कार्ट्रिजवरचा आकडा एकमेकांशी जुळवून बघितला नव्हता, कारण ते बघायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यात मीही आले.

आजी वाचल्या. दिवसभर तासातासाला साखर बघत राहिलो. मुलीला मेमो मिळाला आणि त्याबद्दल मी तेव्हाही भांडले होते. मेमोने सुयांचं खोकं भरत नाही. त्यानंतर मी वॉर्डात एकाच रंगाच्या सिरिंज ठेवायला लागले, दुसरा रंग मागणी करूनच येतो. पेनाच्या सुयांचं एक जादा खोकं माझ्या कपाटात असतं आणि किल्ली ड्युटीवरच्या स्टाफकडे. इन्सुलिन देताना दोघींनी मिळून बघायचं आणि तोंडाने बोलायचं: "चाळीसची बाटली, लाल टोपी, सोळा." एकदा एका नवीन ब्रदरने मला हिशेब करून दाखवला की दुसरी सिरिंज घेऊनही रेघ बदलून बरोबर डोस देता येतो. त्याचं गणित बरोबर होतं. तरी मी देऊ दिलं नाही. झोप अनावर झालेल्या माणसाच्या गुणाकारावर मी पेशंट सोडत नाही. कार्ट्रिजमध्ये तर सिरिंजची सुई घालायचीच नाही. त्यात हवा शिरते आणि पुढे पेनाचा डोसही चुकतो.

"तुम्ही पाटील ना?"

असा प्रश्न विचारूच नका. ऐकू कमी येणारा पेशंट मान डोलावतो, तापात असलेला डोलावतो, आणि सिस्टर रागावतील म्हणून भिणाराही डोलावतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं म्हणा आणि नाव त्याच्या तोंडून येऊ द्या. मग हातावरच्या पट्ट्यावरचा नंबर केस पेपरशी ताडून बघा. कॉट नंबर ही ओळख नव्हे. खिडकीतून ऊन आलं की आमचे पेशंट आपापसांत कॉट बदलतात.

आमच्या भागात एका वॉर्डात तीन-तीन पाटील असतात. एकदा एका मुलीने वेळ वाचवायला रक्ताच्या सगळ्या बाटल्यांवर टेबलाशी बसूनच नावं लिहिली आणि मग रक्त काढत सुटली. एका पाटीलबाईंचं रक्त दुसऱ्या पाटीलबाईंच्या नावाने ग्रुप आणि क्रॉसमॅचला, म्हणजे चढवायचं रक्त जुळतं का ते तपासायला, गेलं. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाने जुनं रजिस्टर उघडलं, कारण त्या बाईंना बाळंतपणात तिथूनच रक्त दिलेलं होतं. तेव्हा नोंद ओ पॉझिटिव्ह, आताचा नमुना बी पॉझिटिव्ह. त्याने फोन केला, "सिस्टर, नमुना पुन्हा काढा, हे माणूस ते नाही." त्या बाईंना पूर्वी कधी रक्त लागलं नसतं, तर ही चूक पकडायला कोणीही नव्हतं. चुकीच्या गटाची पिशवी चढली की थोडं रक्तसुद्धा जीव घेऊ शकतं.

तेव्हापासून माझा नियम असा आहे: रक्त काढायचं, पेशंटच्या उशाशी उभं राहूनच लेबल लावायचं, ते पट्ट्याशी ताडायचं आणि मगच पुढच्या कॉटकडे जायचं. एका ट्रेमध्ये दोन पेशंटच्या लेबल न लावलेल्या बाटल्या दिसल्या तर मी ट्रे परत पाठवते, राउंड सुरू असला तरी. रक्त चढवायला सुरुवात केली की पहिली पंधरा मिनिटं पेशंटपाशी थांबा. थंडी वाजणं, कंबर दुखणं, पुरळ येणं हे बहुधा त्याच वेळात कळतं.

बाकीच्या, थोडक्यात

पोटॅशियम क्लोराईडचं अँपुल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवू नका. पाणी समजून ते थेट शिरेत ढकललं गेलं तर हृदय थांबतं. आमच्याकडे ते वेगळ्या कपाटात, कुलपात असतं.

फोनवर सांगितलेला डोस लिहून घ्या, लिहिलेला परत वाचून दाखवा. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून "एक-पाच" किंवा "पाच-शून्य" असं विचारा. डॉक्टर चिडले तर चिडू देत.

ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुतले असं होत नाही. एकाच ग्लोव्हजने चार कॉट फिरणारी मुलं पाहिली की मला फार वाईट वाटतं. हँडरब, म्हणजे हाताला लावायचं जंतुनाशक, चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने 1847 मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरी त्या काळी बहुतेक डॉक्टरांनी त्याचं म्हणणं मानलं नव्हतं.

औषध द्यायच्या आधी चार्टवर टिक मारून ठेवू नका. कधीच नाही.

ओव्हर, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या स्टाफला पेशंटची माहिती, टेबलाशी उभं राहून देऊ नका. कॉटपाशी जा, सलाईनची पिशवी आणि लघवीची पिशवी दोन्ही डोळ्यांनी बघा.

ऑपरेशनची चेकलिस्ट शेवटी एकदम भरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणलेल्या या यादीत 19 मुद्दे आहेत आणि ते भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी, असे तीन वेळा थांबून मोठ्याने विचारायचे आहेत. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीचंही एक होतं, ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. नुसत्या खुणा करून हे साधत नाही.

चूक झाली तर

लपवू नका. आणि इन्चार्ज असाल तर "कोणी केलं?" हा पहिला प्रश्न विचारू नका. तो विचारला की पुढची चूक तुमच्यापर्यंत येतच नाही. मी आधी विचारते, "पेशंट कसा आहे?" आणि मग, "हे कसं झालं, मला करून दाखव." करून दाखवताना रिकामं खोकं दिसतं, जिन्यातला गेलेला दिवा दिसतो, एकाच रंगाच्या दोन बाटल्या दिसतात. थोडक्यात टळलेली चूकही वहीत लिहून ठेवते, नाव न घालता. पाटीलबाईंची नोंद त्याच वहीत आहे आणि नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी तेच पान वाचून दाखवते.

आणखी एक, कारण हे हमखास राहून जातं. इन्सुलिनचा पेशंट घरी सोडताना आम्ही घाईत चिठ्ठी हातात देतो. गावातल्या मेडिकलमध्ये 40 ची बाटली मिळते आणि सिरिंज जी शिल्लक असेल ती. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी मी नातेवाइकाला आधी औषध आणायला पाठवते, पिशवी कॉटवर उघडायला लावते आणि बाटली न् टोपी जुळते का ते बघते. मग आजींना आणि सुनेला, दोघींनाही, माझ्यासमोर साध्या पाण्यावर डोस भरायला लावते. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत असतो, वॉर्डबॉय मामा बिलाचा कागद घेऊन दारात उभे असतात. त्यांना मी थांबायला सांगते.