टीवायच्या पोरांना कामाची इंग्लिश कशी शिकवायची

कॉलेजात इंग्लिश शिकवणाऱ्यांसाठी लिहितोय. शेवटच्या वर्षाला आलेल्या पोरांना परत टेन्सपासून सुरुवात करू नका, आठवीपासून ते तेच करताय अन् तरी इंटरव्ह्यूत अडकताय. आधी बघा पोरगं जाणार कुठे. जळगाव एमआयडीसीत पाईप, चटई, डाळ मिल, रावेर-यावलकडे केळी एक्सपोर्ट, केमिस्ट्रीवाले बरेच फार्मा कंपनीच्या लॅबला.

मग तिथल्या सुपरवायझरला नाहीतर आपल्याच जुन्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा, नवीन माणूस पहिल्या महिन्यात काय वाचतो, काय लिहितो, फोनवर कोणाशी बोलतो. कोरे फॉर्म, जुने मेल मागून घ्या, नावं अन् रेट खोडून.

केळीचंच घ्या. रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये माल साधारण 13-14 डिग्रीला जातो, त्याच्या बराच खाली गेला की साल काळपट पडते. समजा दुबईच्या पार्टीचा मेल आला की माल काळा निघाला, फोटो जोडलेत. आता पोराने उत्तर लिहायचं, कंटेनर नंबर, लोडिंगची तारीख, टेम्परेचरचं रेकॉर्ड सोबत, तपासून अमुक तारखेपर्यंत कळवतो. खरं शिकवायचं ते इथे, की वाईट वाटलं हे सांगायचं पण चौकशीआधी चूक आपली असं लिहून द्यायचं नाही, कारण तेवढ्या एका वाक्यावर समोरचा क्लेम लावू शकतो. असा एक मेल चार वेळा लिहून घ्या, दहा निबंधांपेक्षा जास्त कामाला येतो.

केमिस्ट्रीवाल्यांना एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याची कंपनीची लेखी पद्धत, वाचायला द्या आणि केलेलं काम नोंदवायला सांगा, 'सॅम्पल वॉज ड्राइड ॲट 105 डिग्री फॉर 2 अवर्स' असं. कोणी केलं ते सहीवरून कळतं, म्हणून वाक्यात 'आय' लागत नाही. आणि आकडे मोठ्याने वाचून घ्या, 0.05 आणि 0.5 फोनवर गडबडले तर अख्खी बॅच अडकते.

फोनची प्रॅक्टिस पाठीला पाठ लावून बसवूनच घ्या, तोंड दिसलं की पोरं अंदाजाने समजून घेतात.

मराठी मिडियमच्या पोरांना आधी मराठीत नाहीतर अहिराणीत बोलू द्या, काय सांगायचंय ते ठरलं की इंग्लिश पटकन येते. मार्क देताना एवढंच बघा, वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळलं का. स्पेलिंग नंतर. चांगले मेल-रिपोर्ट फाईलला लावून ठेवा, इंटरव्ह्यूला सर्टिफिकेटसोबत तीच फाईल न्यायला सांगा.