सी लायनला कामाला कसं लावायचं

भाचा पुढच्या महिन्यात आखातातल्या एका मरिन पार्कात कीपर म्हणून जातोय. रविवारी नाशिकला सिडकोत घरी आला आणि विचारता झाला, "मामा, एन्रिचमेंट म्हणजे प्राण्यांना खेळणी द्यायची, एवढंच ना?" मी अकरा वर्षं तिकडे काढली. सातपूरला फिटर होतो, तिकडेही पंप आणि फिल्टर बघायलाच गेलो, पुढे सी लायनच्या, म्हणजे सीलसारख्या समुद्री प्राण्याच्या, तलावावर रमलो. पहिली दोन वर्षं माझीही समजूत हीच होती, म्हणून चिडलो नाही. पण याला तोंडी सांगितलेलं द्वारका चौक ओलांडेपर्यंत टिकत नाही, म्हणून लिहून देतोय. आणखी कोणी त्या वाटेने जाणार असेल तर त्यानेही वाचावं.

आपल्या देशात हे काम तुला मिळणार नाही. मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिन ठेवून खेळ दाखवायच्या तलावांना, परवानगी द्यायची नाही असं सगळ्या राज्यांना कळवलं, आणि मला विचारशील तर बरं केलं. पण तिकडे जे आधीच टाकीत आहेत, त्यातले कितीतरी टाकीतच जन्मलेत. त्यांना समुद्रात सोडून मोकळं होता येत नाही. त्यांचा आजचा दिवस कसा जातो, तेवढंच तुझ्या हातात आहे.

आता मुद्दा. समुद्रातला सी लायन मासा शोधतो, बुडी मारतो, गढूळ पाण्यात मिशांनी चाचपतो, खडकावरच्या जागेसाठी भांडतो. टाकीत त्याला सकाळी बादली येते. दहा मिनिटांत पोट भरतं, आणि पुढे अख्खा दिवस मोकळा. मग तो घाण्याच्या बैलासारखा फिरायला लागतो: तीच दिशा, तोच कोपरा, श्वास घ्यायलाही तीच जागा. वॉलरस भिंतीवर सुळे घासून झिजवतात. काही प्राणी खाल्लेला मासा ओकतात आणि परत गिळतात. त्यांचं काम आपण काढून घेतलंय. ते परत द्यायचं, आणि करायचं की नाही हे त्यांच्यावर सोडायचं. एन्रिचमेंट म्हणतात ते हेच.

पहिला आठवडा टाकीत काहीही टाकू नकोस. वही घे. सकाळी खाण्याआधी, दुपारी आणि संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटं काठावर बस आणि दर मिनिटाला प्रत्येक जनावर काय करतंय ते एका शब्दात लिही: फिरतंय, झोपलंय, खेळतंय, गेटकडे बघतंय. फिरत असेल तर डावीकडून की उजवीकडून तेही लिही. सुपरवायझर म्हणेल, हा नुसता बसून काय करतोय. म्हणू दे. ही आठवड्याची नोंद नसेल तर पुढे तू दिलेल्या वस्तूने फरक पडला की नाही, हे तुला कधीच सांगता येणार नाही. मी पहिल्या वर्षी नोंद न करता चौदा वस्तू बनवल्या. सगळ्या छान दिसायच्या, पाहुणे फोटो काढायचे. त्यातल्या किती कामाच्या होत्या, देव जाणे.

मग बर्फापासून सुरुवात कर. स्वस्त, आणि चुकलं तरी वितळून जातो. दहा लिटरची बादली, गोडं पाणी, आत कॅपलिन नावाचे छोटे मासे. इथे तिघांतले दोघं चुकतात: मासा आधी वितळवून मग बर्फात घालतात. वितळलेला मासा पुन्हा गोठवायचा नाही. डीप फ्रीजरमधला कडक मासाच थेट गार पाण्यात टाकायचा आणि बादली लगेच आत ठेवायची. निम्मं पाणी गोठलं की मासे घालून वर उरलेलं पाणी ओतलंस, तर मासे मधोमध राहतात, नाहीतर सगळे एका टोकाला जमतात आणि खेळ दोन मिनिटांत संपतो. हे मासे रोजच्या वजनातूनच वजा करायचे. वरचे म्हणून दिलेस तर महिन्याभरात जनावर लठ्ठ होतं आणि डॉक्टर तुला शोधत येतो.

जीवनसत्त्वाची गोळी मात्र बर्फात, पाइपात, कशातही लपवायची नाही. गोठवलेल्या माशातलं बी-१ कमी होतं, शिवाय हेरिंग, कॅपलिन, मॅकरेलसारख्या माशांमध्ये ते मोडणारं एन्झाइमही असतं. म्हणून एक किलो माशामागे २५ ते ३५ मिलीग्रॅम थायमिन, म्हणजे हेच बी-१, वरून द्यावं लागतं. ते कमी पडलं तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, झटके येतात. गोळी पहिल्याच माशाच्या कल्ल्यात खोचायची, हाताने द्यायची आणि ज्याची त्यानेच गिळली हे डोळ्यांनी बघायचं.

बर्फाला सरावले की पाइप. १६० मिलिमीटरचा जाड एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप, हातभर लांबीचा, दोन्ही टोकं बंद, अंगाला भोकं. पाइप फिरवला, आपटला की एकेक मासा बाहेर पडतो. भोकाचा हिशोब नीट ऐक. भोक एकतर इतकं लहान हवं की जबडा आत जाणार नाही, किंवा इतकं मोठं की अख्खं डोकं सहज आत जाऊन सहज बाहेर येईल. मधल्या मापाचं भोक म्हणजे अडकलेलं जनावर, आणि पाण्याखाली अडकलेला सी लायन बुडून मरतो. आत लोखंडी स्क्रू नको, तार नको. टोकाच्या टोप्या चिकटवू नकोस, वितळवून जोड. प्रत्येक भोकाची कड आधी कानशीने, मग पॉलिश पेपरने घास आणि शेवटी तिथून स्वतःचं बोट फिरव. बोट अडखळलं तर परत घास. हा सराव इथेच करून जा. ठिबकवाल्याकडे पाइपाचे तुकडे पडलेले असतात, आणि माझी अंबडची शेड तुझीच आहे.

सुरुवातीला भोकं जास्त ठेव, मग टोप्या लावून एकेक बंद करत जा. पहिल्याच दिवशी फार अवघड दिलंस तर ते सोडून देतात, आणि एकदा सोडलेल्या वस्तूकडे परत बघत नाहीत. आमच्याकडची म्हातारी मादी नवा पाइप नाकाने ढकलून माझ्या पायाशी आणायची. तिचं म्हणणं होतं, तूच काढून दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गिळण्याचं. डॉल्फिन आणि सी लायन चावून खात नाहीत, अख्खं गिळतात. सुटलेला धागा, तुटलेला प्लॅस्टिकचा तुकडा, तुझा हातमोजा, पेनाचं टोपण, सगळं पोटात जातं. डिसेंबर २००६ मध्ये चीनच्या फुशुन शहरातल्या मत्स्यालयात दोन डॉल्फिननी टाकीच्या काठाचं प्लॅस्टिक गिळलं. उपकरणांनी ते निघेना. शेवटी बाओ शिशुन या २.३६ मीटर उंच माणसाला बोलावलं. त्याचा हात एक मीटरपेक्षा लांब. जबडा टॉवेल बांधून उघडा धरला आणि त्याने हात घालून पोटातले तुकडे बाहेर काढले. दोन्ही वाचले. तुझ्या पार्कात असा माणूस नसणार, म्हणून प्रत्येक वस्तू आत टाकताना मोजायची, बाहेर काढताना मोजायची, आणि बाहेर आल्यावर तिचा कुठला तुकडा गेलाय का ते बघायचं. क्लोरीन दोर आणि प्लॅस्टिक दोन्ही खातं. काल मजबूत होतं, हे आज चालत नाही.

मी एकदा सुताचा दोर वापरला होता. दोन महिने छान चालला. तिसऱ्या महिन्यात एका सी लायनच्या विष्ठेत वीतभर धागा निघाला. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही, नुसता तो धागा माझ्या टेबलावर ठेवून गेले.

मला आवडलेली युक्ती म्हणजे समुद्री गवत. गाड्या धुण्याच्या यंत्रात लोंबणाऱ्या जाड कापडी पट्ट्या असतात ना, त्या वजनदार तळाला बांधून पाण्यात उभ्या सोडायच्या. केल्प नावाच्या उंच समुद्री शेवाळाच्या जंगलासारखं दिसतं. त्यात घुसता येतं, अंग घासता येतं, आणि आमच्या लहान नराला तर लपता यायचं. लपायला जागा ही टाकीतली फार दुर्मिळ गोष्ट आहे. पार्कवाल्यांना ती आवडत नाही, कारण लपलेला प्राणी तिकीट काढलेल्याला दिसत नाही. यावर भांड.

वस्तू नेहमी जनावरांच्या संख्येपेक्षा एक जास्त दे. चार सी लायनना तीन पाइप दिलेस तर मोठा नर एकावर बसतो, दुसरा तोंडात धरतो, आणि खालच्या दर्जाची मादी दिवसभर कोपऱ्यात राहते. वहीत सरासरी छान दिसते आणि तिचे हाल होत असतात. म्हणून वही प्रत्येकाची वेगळी.

डॉल्फिनचं गणित निराळं. तरंगता चेंडू माणसांच्या सोयीचा, डॉल्फिनला पाण्याखालीही काहीतरी हवं. तो आवाजाने बघतो, म्हणून आतून पोकळ, पाणी भरलेल्या, भरीव अशा वस्तू दे. दिसायला सारख्या असल्या तरी त्याला वेगळ्या कळतात. वासाचं मात्र त्याला काही नाही, त्याला वासच येत नाही. सी लायनला येतो; डॉक्टरांना विचारून काठावरच्या दगडावर पुदिन्याचं पाणी शिंपडलं की आमचे अर्धा तास तिथेच नाक फुलवत बसायचे. बिनसाखरेच्या जिलेटिनच्या वड्या डॉल्फिनला खेळायलाही चालतात आणि त्यातून गोडं पाणीही पोटात जातं. पंपाचा आवाज काँक्रीटच्या टाकीत घुमतो. बेअरिंग खरखरायला लागलं की तू फिटरचा भाचा आहेस हे लक्षात ठेव आणि मेंटेनन्सच्या मागे लाग. नवं खेळणं देण्याआधी तो आवाज बंद कर.

सावलीचंही तसंच. फिकट रंगाच्या टाकीत, उन्हात, वर बघून मासे झेलून झेलून सी लायनचे डोळे जातात. मोतीबिंदू तर फार. आपल्याकडे द्राक्षावर, नर्सरीवर टाकतात तसली शेडनेट मी तिकडे बांधून घेतली. मासे देताना सूर्य तुझ्या पाठीशी नको, त्याच्या पाठीशी हवा.

खाऊ आणि वस्तूंशिवायचं एन्रिचमेंट म्हणजे डोकं. कॅरन प्रायर नावाच्या ट्रेनरने साठच्या दशकात हवाईत मालिया नावाच्या डॉल्फिनबरोबर एक नियम ठरवला: आधी केलेलं काही केलंस तर मासा नाही, आजवर न केलेलं केलंस तरच मासा. मालिया आधी वैतागली, मग तिला कळलं, आणि तिने अशा उड्या आणि गिरक्या काढल्या की कोणी शिकवल्याच नव्हत्या. १९६९ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. तुला पहिल्या वर्षी हे जमणार नाही, जमवायचा प्रयत्नही करू नकोस. पण शोमधल्या त्याच सहा कसरती रोज करून घेणं म्हणजे डोक्याला काम देणं नव्हे, एवढं ध्यानात ठेव. आणि पॅरिसजवळच्या पार्क अस्तेरिक्समधल्या डॉल्फिनवर २०१८ साली आलेल्या अभ्यासात असं दिसलं की ते खेळण्यांपेक्षा ओळखीच्या माणसाच्या येण्याची जास्त वाट बघतात. तेव्हा बादली रिकामी असतानाही काठावर जात जा.

एक वस्तू सलग दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नकोस. बाहेर काढ, धू, आठवड्याने परत दे. वारही ठरवू नकोस. सोमवारी बर्फ, मंगळवारी पाइप असं लावलंस की दोन महिन्यांत त्यांना कॅलेंडर पाठ होतं.

मे महिना आहे, जायच्या आधी एक सराव करून बघ. शेजारच्या वाघ्याला डॉक्टरांना चालेल असा खाऊ घालून बर्फाची लादी कर. दहा मिनिटं वहीत नोंद घे आणि गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात भेटशील तेव्हा मला दाखव. त्याने चाटली, पंजा मारला, की पाठ फिरवून झोपला, तेही लिही. झोपला असेल तर तोही निकालच आहे.

बॅगेत ही तीन सामानं घाल: कडक पुठ्ठ्याच्या दोन वह्या, काट्याचं घड्याळ आणि माझी अर्धगोल कानस. कानस मोठ्या बॅगेत टाक. हातातल्या पिशवीत ठेवलीस तर मुंबईला विमानतळावर काढून घेतील, माझी एक तशीच गेली.