ऑर्किड फुललंय? मग केळी दुसऱ्या खोलीत ठेवा

माघ-फाल्गुनात फॅलेनोप्सिस जातीच्या ऑर्किडच्या दांडीवर कळ्या भरल्या की कुंडी कौतुकानं बैठकीत आणली जाते. आपल्या जळगाव-रावेरकडं तिथंच कोपऱ्यात केळीची फणीही पिकत असते. पिकणाऱ्या केळीतून इथिलीन वायू सुटतो. त्यानं कळ्या पिवळ्या पडून गळतात आणि उमललेली फुलं वेळेआधीच मिटतात. पाणी, खत सगळं नीट असूनही कळ्या गळत असतील तर आधी केळी हलवा. आंबे, पपई, सफरचंदाचंही तेच. खोली हवेशीर असू द्या.

पाणी मुळं बघून द्या, वार ठरवून नको. मुळं रुपेरी दिसली तर द्या, हिरवी असतील तर थांबा. पाणी सकाळीच द्यावं आणि पानांच्या मधल्या खोबणीत साचू देऊ नये, तिथून झाड कुजतं.

होळीनंतर आपल्याकडं झळा सुरू होतात. कुंडी पश्चिमेच्या खिडकीतून काढून पूर्वेच्या कोवळ्या उन्हात ठेवा. खाली ताटलीत ओले खडे असावेत, पण कुंडीचा तळ पाण्यात बुडता कामा नये. एवढं सांभाळलं तर हीच फुलं दोन-तीन महिने सहज टिकतात.