प्रदूषणाच्या धोक्याची बातमी कशी वाचायची, खर्च कोणाच्या अंगावर पडतोय ते कसं शोधायचं

एखाद्या कारखान्याच्या किंवा केमिकलच्या धोक्याची बातमी आली की लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो ताबडतोब बंद करा आणि दुसरा म्हणतो लोकांना विज्ञान कळत नाही, उगाच घाबरतात. या भांडणात एक प्रश्न राहूनच जातो की हा धोका सोसणार कोण आणि त्यातून कमावणार कोण. मी तर म्हणेन वाचायला सुरुवातच तिथून करा.

पण आधी लोकांच्या भीतीबद्दल. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाच्या १९८७ च्या पेपरमध्ये ३० गोष्टींची धोक्याप्रमाणे क्रमवारी आहे, त्यात अणुऊर्जेला कॉलेजच्या मुलांनी पहिल्या नंबरवर ठेवलं आणि तज्ज्ञांनी २० व्या. तज्ज्ञ मुख्यतः वर्षाला किती माणसं मरतात ते धरून चालले होते, बाकीचे लोक हेही बघत होते की धोका आपण स्वतः पत्करलाय की आपल्यावर लादलाय, तो आपल्या हातात आहे का, पुढच्या पिढ्यांना भोगावं लागेल का. याला अडाणीपणा म्हणणं मला अजिबात पटत नाही, कारण लादला कोणी हा सरळसरळ सत्तेचा प्रश्न आहे. म्हणून कोणी "लोकांचा गैरसमज" असं लिहिलं की तिथे थांबा आणि बघा, लोकांना कोणी विचारलं होतं का.

उलट बाजूही लक्षात ठेवा, भीती वाटत नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. पेट्रोलमध्ये शिसं घालायला १९२० च्या दशकात सुरुवात झाली, १९२४ मध्ये अमेरिकेतल्या एका रिफायनरीत हे रसायन बनवताना ५ कामगार गेले, तरी गाड्यांसाठी त्याची विक्री जगभर वाढली आणि शेवटच्या देशातली विक्री बंद व्हायला २०२१ उजाडलं. धुरातलं शिसं डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे मुलांच्या मेंदूवर काय होतंय याची सर्वसामान्य लोकांना फारशी भीती वाटली नाही.

आता मुख्य काम, खर्च शोधणं. कंपनीच्या हिशोबात कच्चा माल, पगार, व्याज सगळं असतं, पण नासलेलं पाणी, लोकांचं आजारपण, बुडालेली मासेमारी नसते. कार्ल विल्यम काप या अर्थतज्ज्ञाने १९५० मध्ये हे सविस्तर मांडलं होतं की हा बाजाराचा किरकोळ दोष नाहीये, खर्च दुसऱ्यावर ढकलण्यातूनच नफा वाढतो, आणि स्पर्धा असली की जो ढकलत नाही त्याचा माल महाग पडतो, म्हणून मालक माणूस म्हणून चांगला आहे की वाईट यात फार अडकू नका. एक कागद घ्या, डावीकडे कमावणारे लिहा, उजवीकडे सोसणारे, आणि निर्णय घेताना टेबलावर कोण होतं त्याच्यापुढे खूण करा. सरकारी प्रकल्पालाही हीच पद्धत लावायची बरं का, मध्य आशियातला अरल समुद्र सोव्हिएत सरकारच्या कापसाच्या टार्गेटपायी, नद्यांचं पाणी शेतीकडे वळवल्याने, बराचसा आटला, तिथे खाजगी मालक कोणीच नव्हता, पण किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारणारंही कोणी नव्हतं.

हे सगळं एकत्र बघायचं असेल तर जपानमधलं मिनामाता घ्या. चिस्सो कंपनीचा कारखाना पाऱ्याचं सांडपाणी खाडीत सोडत होता, मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांमध्ये विचित्र आजार दिसायला लागला, १९५६ मध्ये त्याची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कुमामोटो विद्यापीठाच्या संशोधकांनी पाऱ्याकडे बोट दाखवलं, तर उद्योगांकडून उत्तर आलं की कदाचित युद्धातली बुडवलेली स्फोटकं असतील. त्याच वर्षी कंपनीच्याच डॉक्टरने कारखान्याचं सांडपाणी मांजराला खायला घातलं, मांजराला तोच आजार झाला आणि कंपनीने तो निकाल दाबला. आणि हा पारा वापरणारं उत्पादन थांबलं कधी, तर १९६८ मध्ये, ती पद्धत जुनी झाल्यावर.

यातून दोन गोष्टी तपासायला शिका. "अजून पुरावा हवा" असं कोणी म्हणालं की पुरावा येईपर्यंतच्या वर्षांत कोण कमावतंय आणि कोण ते पाणी पितंय ते विचारा. अभ्यासाला पैसा कोणी दिला आणि कच्चा डेटा कोणाच्या ताब्यात आहे हेही बघा, पैसा कंपनीचा आहे म्हणून अभ्यास खोटाच असं नाही, पण जे छापलं नाही ते तुम्हाला कधीच दिसणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नुकसानभरपाईची कागदपत्रं. मिनामातात १९५९ च्या शेवटी रुग्णांना "सांत्वनाचे पैसे" दिले आणि करारात लिहून घेतलं की पुढे कारखानाच कारण आहे असं सिद्ध झालं तरी जास्त मागायचं नाही. १९७३ मध्ये कोर्टाने तो करार रद्द ठरवला, पण मधली १३ वर्षं गेलीच. त्यामुळे भरपाईची रक्कम वाचून बातमी बंद करू नका, त्या बदल्यात लोकांनी कुठला हक्क सोडला ती ओळ शोधा, आणि करारात गुप्ततेची अट असेल तर ती कोणाच्या फायद्याची आहे ते त्याच कागदावर लिहून ठेवा.